ऐंशी बंद दारांची चाळ

खिरीचे तांदूळ निवडून अर्धे झाले होते. तीन किलोंपैकी दीड किलो पातेल्यात गेले होते, दीड किलो अजून परातीत, आणि खड्यांचा एवढासा ढीग वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर. आज आश्विन पौर्णिमा. वर्षावासाचे तीन महिने संपले, म्हणून संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाची समाप्ती आणि मग सगळ्या चाळीला खीर. साखर आणि वेलची तळमजल्यावरच्या प्रितीकडे, तांदूळ माझ्याकडे, दूधही माझ्याकडेच. माझं आणि अजितचं आज अष्टशील, म्हणजे दुपारी बाराच्या आत काय ते जेवायचं, त्यानंतर उद्या सकाळपर्यंत फक्त पाणी. म्हणून एक डोळा घड्याळावर ठेवून मी निवडत होते. सव्वाअकरा झाले आणि दारात अजित उभा.

अजित म्हणजे माझा धाकटा दीर. चौतीस वर्षांचा. या वेळेला तो परळच्या ऑफिसात असायला हवा.

"काय रे, सोडलं लवकर?"

"सोडलं नाही. सही मागितलीय." त्याने पिशवीतून एक कागद काढला आणि परातीच्या कडेवर ठेवला. "चारच्या आत. सही केली तर सोमवारपासून पर्मनंट."

सासूबाई, राधाबाई, खाटेवर बसून पायाला तेल चोळत होत्या. त्यांनी हात थांबवला. "मग कर की. पेन न्हाई व्हय?"

चपला दाराबाहेर काढून अजित उंबऱ्यावरच बसला. त्याच्या तोंडावर तोच भाव होता, जो मी चोवीस वर्षं ओळखते. विटलेल्या माणसाचा.

माझ्या हाताला तांदूळ तसेच चिकटून राहिले. मी रोज वहीत दिवसभराचं लिहिते. आजची वही या माणसासाठी.

मी लग्न होऊन नायगावच्या या चाळीत आले तेव्हा अजित दहा वर्षांचा होता. हळद फिटली नव्हती आणि मामंजींनी, कोंडीराम त्यांचं नाव, मला पहिलं काम सांगितलं ते अजितला शोधून आणायचं. गिरणी बंद पडून घरी बसलेला माणूस. पोराला मारायला हात उठेल या भीतीने स्वतः जात नसत. तेव्हा लालबागच्या एका बोळात व्हिडिओ पार्लर होतं. आत अंधार, मशीनचा दणदणाट, सगळी पोरंच पोरं. मी पदर डोक्यावरून ओढून बाहेर उभी. "अजित, चल, बाबा बोलावतायत."

"थांब ना वहिनी, मरतोय!"

मी थांबले. तो मेला, मग आम्ही घरी आलो. त्यानंतरही कितीतरी वेळा मी तिथे उभी राहून त्याच्या मरणाची वाट बघितलीय.

पुढे तो बी.कॉम. झाला. फोनवर तक्रारी ऐकायची नोकरी धरली, सुटली. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात पार्सलांची नोंद ठेवायची धरली, तीही सुटली. दोन्ही वेळा तोंडामुळे. अजित शिवी देत नाही, आवाज चढवत नाही. जे वाईट आहे ते वाईट म्हणतो, आणि समोरचा साहेब असला तरी वाक्य अर्ध्यात सोडत नाही. आमचे हे म्हणतात, "हा नोकरीला नाही लागत, हा नोकरीची तपासणी करायला जातो."

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट सुटली नाही. खेळ. इस्त्रीच्या टेबलावर जुना लॅपटॉप, कानाला हेडफोन, आणि समोर तो मोकळ्या मुलखाचा खेळ. मला आधी कळायचं नाही म्हणून त्याने समजावून सांगितलं होतं. या खेळात रस्ता ठरलेला नसतो. डोंगर, नद्या, गावं, बाजार, आख्खा मुलूख उघडा असतो आणि आपण त्यातला एक माणूस व्हायचं. बाई की पुरुष, लढवय्या की चोर, कसं बोलणार, कुणाची बाजू घेणार, सगळं आपण ठरवायचं. लोक एकेका खेळात दोनदोनशे तास घालवतात.

मला वाटायचं, त्याला हे फार आवडतं. एक दिवस पोळ्या लाटताना मी नीट बघितलं, तर खेळताना त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं.

"आवडत नाही तर खेळतोस कशाला?"

"नासलंय हे कळायला चाखावं लागतं ना, वहिनी."

मग मीही लाटणं बाजूला ठेवून शेजारी बसले. मी रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणणारी बाई. वीस मिनिटं बघितलं आणि बोटं मोजली. पाणातिपाता गेलं: पहिल्याच वळणावर तीन माणसं कापली. अदिन्नादाना गेलं: एका म्हातारीच्या घरात शिरून तिची मडकी फोडली, आतली नाणी घेतली, आणि म्हातारी समोर बसून सूत कातत होती, मान वर केली नाही. मुसावादा गेलं: पहारेकऱ्याला थाप मारली तर त्याचे वेगळे गुण मिळाले. मग एका गुत्त्यात जाऊन दारू प्यायला, तर तब्येत सुधारली. तिसरं शील, व्यभिचाराचं, राहिलं होतं. "ते पुढच्या गावात आहे," अजित म्हणाला. मला शिसारी आली. मी उठून हात धुतले, खरंच धुतले.

"तुला त्यातल्या पापाची किळस आली," तो मागून म्हणाला, "मला खोटेपणाची येते. ती म्हातारी बघितलीस? घर लुटलं तिचं. ओरडली का? उद्या परत गेलो तर तेच सूत कातत असेल आणि म्हणेल, 'वाटसरू, आज हवा छान आहे.' राजाला मारून ये, तरी हवा छानच. आपल्या खालच्या प्रितीची कढई मी विचारल्याशिवाय उचलली तर?"

"पाचव्या मिनिटाला चारही मजल्यांना कळेल."

"मग जग कुठलं मोठं? ते साठ चौरस किलोमीटरचं की आपला जिना?"

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायला लागला, आणि मी काम करता करता ऐकायला. त्याच्या एकेका तक्रारीला तोड नाही. नकाशा उघडला की त्यावर जिथे तिथे पिवळी प्रश्नचिन्हं. तो म्हणतो, पोराच्या पाठीवर कांजिण्या उठल्यात. आणि एकेक कांजिणी फोडत हिंडायचं, हाच खेळ. एका फोडात एक पेटी, दुसऱ्यात दहा लांडगे, तिसऱ्यात पुन्हा पेटी. "हे बनवणाऱ्याला वाटतं, आपण माणूस नाही, जनगणनेवाले आहोत. सगळीकडे जाऊन खूण करायची."

लांडग्यांवर तर त्याचा विशेष राग. नदीच्या अलीकडचा लांडगा एका फटक्यात मरतो. पलीकडे तसाच लांडगा, तीच शेपूट, तेच दात, आणि तो मात्र तुम्हाला एका चाव्यात संपवतो, कारण त्याच्या डोक्यावर तीस हा आकडा असतो. "लांडगा आहे की रेशनकार्ड, नंबरावर चालायला?" अजित विचारतो.

मग ते घाईचे प्रसंग. राजा रडून सांगतो, आज रात्री शहर जळणार, धाव. आपण वाटेत फुलं तोडत बसलो, लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधत महिनाभर हिंडलो, तरी शहर जळायचं थांबलेलं. गेल्यावर मग जळायला सुरुवात. "सगळं जग आपली वाट बघत ताटकळत उभं. असा मान वहिनी, फक्त मंत्र्याला मिळतो. आणि ते कार्यक्रम किती बेकार असतात, तुला माहीत आहे."

आणि बोलणं. चार उत्तरं समोर येतात, त्यातलं एक निवडायचं. त्याने मला एकदा वाचून दाखवलं. एक, हो. दोन, हो पण रागाने. तीन, हो पण मोबदला दे. चार, विचार करून सांगतो. चौथं दाबलं, तर तो माणूस म्हणाला, "मला माहीत होतं तू हो म्हणशील!"

राधाबाई खाटेवरून हसल्या. "आमच्या लग्नात असंच इचारलं व्हतं मला."

असं नाही की त्याला एकही खेळ आवडला नाही. एक होता. एकच गाव, चाळीसेक घरं, ना डोंगर ना राजवाडा. त्यात त्याच्या चुकीमुळे गावचा पाववाला मेला. अजितला वाटलं, जाऊ दे, बाहुलीच ती. दुसऱ्या दिवशी खेळात सकाळ झाली, तर पावाचं दुकान बंद. त्याच्या पुढच्या दिवशी शाळेतली मुलं उपाशी म्हणून किरकिरी. आठवड्याने कुणीतरी दुसऱ्या बाईने भट्टी पेटवली, पण पाव करपलेले. हे सांगताना अजितने लॅपटॉप मिटला. म्हणाला, "मी त्या दिवशी पुढे खेळलोच नाही. लाज वाटली." तो खेळ बनवणारे तिघेच होते म्हणे. विकला गेला नाही.

दीड वर्षापूर्वी त्याला ही नोकरी लागली. परळला जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत झालीय, तिच्यात खेळ बनवणारी एक कंपनी. तिचं नाव आणि खेळाचं नाव मी वहीतही लिहीत नाही, कुणाला सांगणार नाही असं त्याने कंपनीला लिहून दिलेलं आहे. काम असं की बनत असलेला खेळ खेळायचा आणि त्यातले दोष शोधून नोंदवायचे. भिंतीतून माणूस आरपार गेला, घोडा झाडावर चढला, असलं. सहाजण होते. त्यातला एकच शेवटी कायम होणार. अजितने चारशे बारा दोष काढले, बाकीच्यांनी मिळून काढले त्याहून जास्त. घरात आम्ही पहिल्यांदा श्वास सोडला. तीन नोकऱ्यांत पहिल्यांदा असं झालं होतं, की त्याच्या तोंडाला कुणीतरी पगार देत होतं.

त्यात तो खेळ गिरणगावचा. जुनं परळ-लालबाग, भोंगा वाजला की त्यात जादू जागी होते, आणि नायक चाळीचाळीतून हिंडून तिचं रहस्य शोधतो. श्रेया मॅडम म्हणून त्यांच्या मुख्य आहेत, पुण्याच्या, वयाने अजितपेक्षा लहान, बोलायला नम्र. त्यांनी अजितला विचारलं, "तुमच्या घरी कुणी वयस्कर बाई आहेत का, मूळच्या गिरणगावातल्या? आवाज हवाय." अजितने आईचं नाव सांगितलं.

भाद्रपदात आम्ही तिघं गेलो. राधाबाईंनी पांढरी साडी नेसली, मामंजींचा फोटो पिशवीत घेतला. त्याच आवारातल्या गिरणीत ते तीस वर्षं कापड विणायच्या साच्यावर उभे राहिले होते. दारावरच्या रखवालदाराने पिशवी तपासली, फोटो बघितला, परत ठेवला.

काचेच्या खोलीत राधाबाईंच्या तोंडासमोर माईक लावला आणि श्रेया मॅडमनी वाक्य दिलं. "लेका, माझी बकरी हरवली, शोधून देशील का?"

राधाबाईंनी कागदाकडे बघितलं. "कुठं हाय ही बाय?"

"चाळीत, आजी. तिसऱ्या मजल्यावर."

"तिसऱ्या मजल्यावर बकरी कशी चढली?"

"आजी, ती कल्पना आहे."

"कल्पना नाव हाय व्हय बकरीचं?"

सगळे हसले. श्रेया मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही फक्त म्हणा. राधाबाईंनी सात वेळा म्हटलं. सातव्या वेळी त्यांचा आवाज असा कातर झाला, की मला खरंच ती बकरी शोधून द्यावीशी वाटली. त्यांच्या डोळ्यांसमोर कुठली होती, गावची, लहानपणची, कोण जाणे.

मग कौतुकाने त्यांनी आम्हाला खेळ दाखवला. मोठ्या पडद्यावर आमच्यासारखीच चाळ. मी बघून चाटच पडले. तसाच दगडी जिना, मधोमध झिजलेला. तसाच मधला लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा दहा खोल्या. दारांवर नावाच्या पाट्या, पाट्यांवर गंज, एका ठिकाणी निळं पिंपसुद्धा. नायक चालत होता, त्याच्या चपलांचा आवाज घुमत होता. मी म्हटलं, वा.

राधाबाई पुढे झुकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कोन गेलं?"

"काय आजी?"

"समदी दारं लावल्यात. दिवसाढवळ्या. समदी चाळ पोचवायला गेली का? कोन गेलं?"

मी पडद्याकडे पुन्हा बघितलं. खरंच. तळमजला, पहिला मजला, दुसरा, तिसरा. ऐंशी दारं आणि एकही उघडं नाही. आमच्याकडे सकाळी पहिला उठणारा दार उघडतो ते निजायच्या वेळेपर्यंत लावत नाही. दिवसा दार लोटलेलं दिसलं की शेजारीण ठोठावते, "काय गं, बरं नाही का?" मला बाळंतपणाच्या कळा आल्या तेव्हा मी हाकही मारली नव्हती, नुसतं दार ओढून घेतलं आणि तीन बायका आत. ऐंशी दारं एकदम बंद मी एकदाच बघितली, चाळीतली पाच माणसं एकाच अपघातात गेली त्या दिवशी. सगळी चाळ स्मशानात होती.

"दारं उघडत नाहीत आजी," श्रेया मॅडम म्हणाल्या. "ती नुसती चित्रं आहेत. मागे काही नाही."

"मागं कायबी न्हाई?"

"नाही."

राधाबाईंनी पिशवी छातीशी धरली. "चल आज्या. मला घरी ने."

त्या दिवसापासून अजितला झोप नाही, असं म्हणणार नाही, झोपतो तो. पण जेवताना, आंघोळीला जाताना, हाच विषय. "वहिनी, दारं बंद आहेत आणि पॅसेजमध्ये लख्ख उजेड आहे. आपल्या पॅसेजला खिडकी आहे? नाही. उजेड येतो तो लोकांच्या घरातून येतो. त्यांच्या चाळीत कुठून येतो? दीड वर्ष मी घोडा झाडावरून उतरवत बसलो आणि हे दिसलं नाही मला! आईला दोन मिनिटांत दिसलं." आणि मग तोंड वाकडं करून, "सगळे हेच करतात. मैलोन्मैल मुलूख, आणि एक दार उघडत नाही. मोकळं जग म्हणे. थूत."

त्याने दोषांच्या यादीत चारशे तेरावा लिहिला: चाळीतली सर्व दारं बंद. पुढे शेरा: गंभीर. श्रेया मॅडमनी तो बदलून केला: किरकोळ, सजावट. त्याने पुन्हा गंभीर केला. त्यांनी पुन्हा किरकोळ. असं चार वेळा.

आज सकाळची गोष्ट. आम्ही साडेसहाला विहारात जाऊन अष्टशील घेतलं. सातव्या शीलात नाच, गाणं, वादन, तमाशे बघणं वर्ज्य. परत येताना जिन्यात मी म्हटलं, "अजित, आज पौर्णिमा. शील घेतलंयस. ऑफिसात आज खेळू नकोस, दुसरं काही काम माग."

"कशाला? शीलात करमणूक मना आहे."

"तेच म्हणते मी."

"त्या खेळात करमणूक आहे हे कुणी सिद्ध करून दाखवावं, मी ताबडतोब बंद करतो."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच मी ते बोलून गेले. "हे बघ, आज निकाल लागायचाय ना? दारांचं काढू नकोस. गोड बोल एक दिवस. सासूबाईंचे गुडघे बघतोयस. यांची नोकरी दोन वर्षांची राहिली. एक दिवस नाही बोललास तर काय बिघडतं?"

तो पायरीवर थांबला. वर बघितलं नाही. "वहिनी, अर्ध्या तासापूर्वी मुसावादा कोण म्हणालं? तू माझ्या शेजारीच होतीस."

मी पुढे चालत राहिले. कान तापले होते. घरी येऊन तांदळाची परात घेतली ती त्या तापलेल्या कानांनीच.

आणि आता तो कागद परातीच्या कडेवर. इंग्रजीत होता, अजितने मराठीत सांगितला. खेळ मी पूर्ण तपासला आहे. त्यात एकही गंभीर दोष उरलेला नाही, असे मी प्रमाणित करतो. खाली रेघ, सहीसाठी.

"बाकीच्या पाचांनी केली?"

"केली."

"आणि तू नाही केलीस तर?"

"तर त्यांच्यातला एक. एकतीस तारखेला माझा करार संपतो."

राधाबाई बोलल्या, "माजा आवाज हाय ना त्यात?"

"आहे. तो ठेवणार आहेत. त्याची सही तुझी झालीय, आई."

"मंजी मी ऱ्हाणार आन तू जाणार?"

अजित हसला, पण ते हसू नव्हतं. "तू तिसऱ्या मजल्यावर उभी राहणार. बंद दारापुढे. जो येईल त्याला बकरी विचारणार. दिवसभर तेच वाक्य. लोक तुझ्या अंगावरून चालत जातील."

म्हातारीने तेलाची वाटी खाली ठेवली. "घाणेरडं," त्या म्हणाल्या. एवढंच.

घड्याळात पावणेबारा. मला खरं सांगायचं तर, या वहीत तरी खरं सांगते, माझ्या मनात होतं की त्याने सही करावी. एक रेघ, दोन अक्षरं, सोमवारपासून घर बिनघोर. मी तोंड उघडलं होतं ते सांगायलाच. पण त्या कागदावरचं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं होतं, आणि ते कानात सकाळच्या वाक्याला जाऊन चिकटलं. आपल्याच तोंडाने सकाळी जे नको म्हटलं, ते दुपारी त्याच्या हाताने करवून घ्यायचं. मला माझीच शिसारी आली. त्या मडकी फोडणाऱ्या वीस मिनिटांत आली होती, तशी.

"पेन आहे?" मी विचारलं.

त्याने दचकून बघितलं.

"सही कर. पण आधी वरती लिही. दारांचा दोष सोडून. ऐंशी दारं बंद आहेत, मागे घरं नाहीत, मी सांगितलं आहे. तारीख घाल. मग खाली सही कर. मी वहीत चूक झाली की खोडत नाही, शेजारी लिहिते. तसं."

"हे चालणार नाही, वहिनी. असा कागद ते घेणार नाहीत."

"नको घेऊ देत. खोटं तर नाही ना?"

त्याने पेनचं टोपण काढलं. मग परात बाजूला सरकवून जमिनीवर कागद ठेवला आणि लिहिलं. बारीक, सरळ अक्षर आहे त्याचं. राधाबाई वाकून बघत होत्या, वाचता येत नसूनही. बाराला सात मिनिटं कमी असताना मी वरणभात वाढला. त्याने चार घास खाल्ले, पाणी प्यायला, आणि गेला.

मी तांदूळ पुन्हा हातात घेतले, पण खडा कुठला आणि कणी कुठली ते दिसेना. परात तशीच राहिली. प्रिती दोनदा डोकावून गेली, "झाले का तांदूळ?" दार उघडंच होतं, म्हणून तिला माझं तोंड दिसलं, आणि काही न विचारता ती परत गेली.

साडेतीनला अजित आला. हातात डबा, पाण्याची बाटली, आणि टेबलावर ठेवायचा एक छोटा कॅक्टस. मला कळलं.

"काय म्हणाल्या?"

"कागद वाचला. बराच वेळ वाचला. म्हणाल्या, अजित, तुमचं बरोबर आहे, पण ऐंशी खोल्या बनवायला दोन वर्षं लागतील आणि खेळ डिसेंबरात बाजारात जायचाय. मग म्हणाल्या, चार दारं उघडता येतील कदाचित."

"चार तर चार. म्हणजे ऐकलं ना?"

"ऐंशीतली चार!" त्याचं तोंड पुन्हा तसंच झालं. "आणि ती उघडायला मी नसणार. उद्यापासून यायची गरज नाही, महिनाअखेरपर्यंतचा पगार देतील. जागा दुसऱ्याला. तो चांगला पोरगा आहे, पण वहिनी, तो आलिशान फ्लॅटमध्ये वाढलाय. त्या चार दारांमागे सोफा ठेवेल तो!"

राधाबाईंनी कॅक्टस हातात घेतला, उलटसुलट बघितला, उंबऱ्यापाशी ठेवला. "बकरीचं काय केलं?"

"काढणार नाहीत, आई."

"असू दे. घावली तर तिला पाणी दावा म्हणावं."

अजितने हातपाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसला. त्याने परात आपल्याकडे ओढली आणि उरलेले दीड किलो निवडायला लागला. खडा काढतो, कागदावर टाकतो. बघता बघता निम्मे केले. मला त्याला सांगायचं होतं की मला वाईट वाटतंय, की मला सही हवी होती, की नको होती. मी एवढंच विचारलं, "आता काय खेळणार?"

"काही नाही. सगळे नासलेले आहेत." मग थोड्या वेळाने, खाली बघूनच, "तो पाववाल्याचा खेळ केला त्या तिघांना एक पत्र टाकतो. मराठीत करायला माणूस हवाय का विचारतो. नाहीच म्हणतील. त्यांच्याकडे दारांमागे घरं आहेत, एवढं मला माहीत आहे."

तांदूळ होत आले. साडेचार वाजलेत. सहाला विहारात चूल पेटेल. मी आता दोन किटल्या घेऊन नाक्यावरच्या डेअरीत पंधरा लिटर दूध आणायला जाते.